नाताळचा फराळ

डिसेंबर महिन्याच्या अखेरीस येणाऱ्या ज्या सणाला आपण मराठी माणसे नाताळ म्हणतो, त्याला उत्तर हिंदुस्थानात 'बडा दिन' असे नाव आहे. सरकारी बदलीच्या ओघात इकडे येऊन पडलेल्या आम्हां मंडळींना हा भेद पहिल्याच हिवाळ्यात लक्षात येतो. 'नाताळ' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. जन्मवाचक लॅटिन शब्दापासून त्यांचा 'नाताल' झाला आणि आपण शेवटी 'ळ' लावून त्यास मराठी करून घेतले. पाव, बटाटा, काजू हे शब्दही त्याच गलबतांतून उतरले. शब्दकोशातील हा पुरावा तर बोलका आहेच. परंतु त्याहून बोलका पुरावा कोकण किनाऱ्यावरील ख्रिस्ती घरांत नाताळासाठी भरून ठेवलेल्या डब्यांत सापडतो.

गोव्यात या फराळाला 'कोंसुआद' म्हणतात, मंगळूरकडे 'कुस्वार'. पोर्तुगालमध्ये 'कॉन्सुआदा' म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचे भोजन. गोव्यात त्याच शब्दाचा अर्थ शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाठवायचे गोडधोडाचे तबक असा झाला. शब्द परका राहिला, पण त्यातला आशय आपल्या वाणासारखा, दिवाळीच्या ताटासारखा झाला. हा बदल कोणा राज्यकर्त्याने घडवून आणला नाही. तो घराघरांतील गृहिणींनी केला.

आता त्या तबकावरील पदार्थ पाहा. सर्वांत आधी दिसते ती 'नेवरी', म्हणजे आपली करंजीच. आत नारळ, रवा, तीळ यांचे सारण आणि कडेला तीच मुरड. मंगळूरच्या कुस्वारात चकली आहे, तांदळाचे व तिळाचे लाडू आहेत. 'पिनाग' म्हणजे भाजलेला तांदूळ, गूळ आणि खोबरे. 'दोस' म्हणजे हरभऱ्याची डाळ वाटून, खोबरे घालून आटवलेली वडी. ही झाली या मातीची मिरास. तिच्या शेजारी दूरदेशीचे पाहुणेही बसले आहेत. 'दोदोल' हे नाव मलाया-जावाकडचे. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५११ मध्ये मलाक्का. त्यामुळे या दोन किनाऱ्यांमधील वाट एकाच सत्तेच्या हाती आली. तथापि गोव्यातील दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ यांचाच असतो. अंड्यांच्या बलकाचे, थरावर थर देऊन भाजलेले 'बेबिंक' पोर्तुगीज वळणाचे खरे; पण त्यातही दूध नारळाचे. युरोपात बदामाचा करतात तो 'मार्झिपान' आपल्या किनाऱ्यावर काजूचा झाला, आणि तो काजू तरी मूळचा ब्राझीलचा! पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेले हे झाड कोकणच्या डोंगरउतारांवर असे काही रुजले की आज ते परके होते हे कोणास सांगूनही पटू नये.

हा फराळ आधी करून साठवण्यामागे सोय आहे. नाताळचा उत्सव एका दिवसात संपत नाही. सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत घरी माणसांची ये-जा चालते. तळलेले आणि गुळात आटवलेले जिन्नस तेवढे दिवस सहज टिकतात. नवे भात नुकतेच घरात आलेले असते. दोदोलच्या तांब्याच्या भांड्यात तासन्‌तास उलथणे फिरवावे लागते. ते एकट्यादुकट्याचे काम नव्हे. 'कलकल' करावयास तर सारे घर बसते. मैद्याची लहानशी गोळी फणीच्या दातांवर दाबून वळायची, की शंखासारखा आकार उमटतो. मंगळूरकर त्यालाच 'किडियो', म्हणजे किडे, असे थट्टेचे नाव देतात.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, दोन संस्कृतींचा हा किती गोड संगम! परंतु इतिहास इतका गोड नाही. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले आणि मधला थोडा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चालले. त्याच्या १७३६ च्या जाहीरनाम्यात ख्रिस्ती झालेल्यांच्या अंगणातील तुळस, अंगावरील धोतर-चोळी, लग्नातील गाणी यांवर बंदी आली. इतकेच नव्हे, तर हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवणे हाही अपराध ठरला. ज्या राजवटीने भाताच्या भांड्यातील मिठाची चौकशी केली, तिच्याच अमलाखाली करंजी येशूच्या जन्मोत्सवाच्या ताटात जाऊन बसली. आम्हांस वाटते, याला एकच कारण असावे. कायदा माणसाचे नाव, वेष, दैवत बदलू शकतो. पण माड, भातशेती आणि मुरड घालणारी बोटे त्याला बदलता येत नाहीत. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून प्रसिद्ध झाले, तेव्हा परदेशीची कथा मराठी ओवीत आली. विद्वानाने ओवीत जे केले, तेच अशिक्षित गृहिणींनी कढईत केले.

गोव्यातून इन्क्विझिशनच्या, दुष्काळाच्या आणि मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्याही भयाने अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेस कानड्यात गेली. १७८४ मध्ये टिपूने त्यांना बंदी करून श्रीरंगपट्टणास नेले. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर वाचले ते परतले. घरे, शेते, चर्चे यांची धूळधाण झाली होती, तरी कुस्वार टिकले. वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतला, पण तेथील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती गावांतून नाताळ नाहीसा झाला नाही. पुढे पोटासाठी गोवेकर मुंबईस आले, धोबीतलावच्या आसपास गावागावांच्या 'कूडी'त राहिले. १९५५ मध्ये भारत व गोवा यांमधील रेल्वे थांबली, जाण्यायेण्यावर निर्बंध आले, आणि सणाला घरी जाणे हीच मोठी यातायात होऊन बसली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. नाताळ अवघ्या सहा दिवसांवर होता. साडेचारशे वर्षांची राजवट गेली. तिने आणलेला काजू राहिला, आणि तिच्याही आधीची नेवरी राहिली.

आज शहरांतून हा फराळ बेकरीतून विकत आणण्याची चाल वाढली आहे. त्यात नवल नाही, आपल्या दिवाळीचेही तेच झाले आहे. परंतु बदलीच्या नोकरीत मुलखाबाहेर संसार थाटणाऱ्या आपल्यासारख्यांनी या इतिहासाकडे थोड्या आपुलकीने पाहावे. आपल्या मुलांची शाळा दुसऱ्या भाषेत, शेजार दुसऱ्या प्रांताचा. पुढल्या पिढीपाशी आपले म्हणून काय उरेल, ही चिंता आपणांस नेहमीच असते. आपली भाषा कोणी बंद केलेली नाही, अंगणातील तुळस कोणी उपटलेली नाही. तरीही आपण चटकन धीर सोडतो. मुलांना जवळ बसवून करंजीची मुरड शिकवली, आणि पहिले ताट शेजारच्या परप्रांतीय घरी पाठवले, तरी बरेच काही टिकेल. किनाऱ्यावरच्या त्या गृहिणींनी यापेक्षा वेगळे काही केले नव्हते.