जॉर्ज मॅकडॉनल्ड

जॉर्ज मॅकडॉनल्ड (१० डिसेंबर १८२४ – १८ सप्टेंबर १९०५) हे स्कॉटिश कादंबरीकार, कवी व ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. इंग्रजीतील आधुनिक अद्भुतकथेच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. जी.के. चेस्टरटन, सी.एस. लुईस आणि जे.आर.आर. टॉल्किन यांच्यावर त्यांचा प्रभाव पडला.

जीवन

मॅकडॉनल्ड यांचा जन्म स्कॉटलंडमधील हंटली येथे झाला. अ‍ॅबर्डीन येथे उच्च शिक्षण घेतल्यानंतर १८५० मध्ये ते इंग्लंडमधील अ‍ॅरंडेल येथे काँग्रिगेशनल पंथाच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक झाले. ईश्वराची करुणा कोणालाही कायमची वगळत नाही, ख्रिस्ती नसलेल्यांनाही उद्धाराची आशा आहे, अशी त्यांची धारणा होती. ती मंडळीतील काहींना धर्मबाह्य वाटली. त्यांचे वेतन कमी करण्यात आले व १८५३ मध्ये त्यांनी पद सोडले. पुढे लेखन आणि व्याख्याने यांवर त्यांनी अकरा अपत्यांच्या कुटुंबाचा निर्वाह केला.

साहित्य

'फँटास्टीस' (१८५८) व 'लिलिथ' (१८९५) या प्रौढांसाठीच्या, तर 'अ‍ॅट द बॅक ऑफ द नॉर्थ विंड' (१८७१) व 'द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन' (१८७२) या मुलांसाठीच्या त्यांच्या प्रमुख अद्भुतकथा होत. परीकथा म्हणजे रूपककथा नव्हे, असे त्यांचे मत होते. तिचा एकच ठरावीक अर्थ नसतो, प्रत्येक वाचक आपापल्या कुवतीनुसार तो शोधतो, असे त्यांनी प्रतिपादिले.

प्रभाव

लुइस कॅरॉल हे मॅकडॉनल्ड यांचे स्नेही होते. 'अ‍ॅलिस'चे हस्तलिखित मॅकडॉनल्ड यांच्या मुलांना फार आवडले आणि त्यामुळे कॅरॉल यांना ते प्रसिद्ध करण्यास उत्तेजन मिळाले. 'द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन'ने आपली जीवनदृष्टी बदलली, असे चेस्टरटन यांनी १९२४ मध्ये नमूद केले.

लुईस यांनी १९१६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, रेल्वे स्थानकावर 'फँटास्टीस' विकत घेतले. त्या वेळी ते नास्तिक होते. आपल्या श्रद्धेच्या कितीतरी आधी या पुस्तकाने आपल्या कल्पनाशक्तीला दीक्षा दिली, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात सांगितले. 'द ग्रेट डिव्होर्स' या पुस्तकात त्यांनी मॅकडॉनल्ड यांनाच मार्गदर्शक पात्र केले आणि १९४६ मध्ये त्यांच्या निवडक उताऱ्यांचा संग्रह संपादित केला.

मूल्यमापन

मॅकडॉनल्ड यांच्याविषयी त्यांच्या चाहत्यांतही एकमत नव्हते. त्यांना गुरू मानणाऱ्या लुईस यांनीच त्यांचे गद्य प्रथम दर्जाचे नसल्याचे म्हटले. त्यांचे थोरपण मिथकनिर्मितीत आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. टॉल्किन यांनी आपल्या गॉब्लिनांच्या चित्रणावरील मॅकडॉनल्ड यांचे ऋण मान्य केले होते. परीकथांवरील निबंधात 'द गोल्डन की' या कथेचा गौरवही केला होता. मात्र १९६० च्या दशकात याच कथेच्या प्रस्तावनेसाठी पुनर्वाचन करताना ती त्यांना रुचली नाही. प्रस्तावना अपुरी राहिली. परंतु तिच्यात उदाहरणादाखल सुरू केलेल्या गोष्टीतून त्यांची 'स्मिथ ऑफ वूटन मेजर' (१९६७) ही कथा आकारास आली. अशा रीतीने मॅकडॉनल्ड यांचा प्रभाव केवळ अनुकरणातून नव्हे, तर मतभेदातूनही फलद्रूप झाला.