शेवटचे रीळ

दिवाळीपूर्वी माळा झाडताना जुन्या ट्रंकेच्या तळाशी एखादे पिवळे खोके हाती लागते. आत फोटोचे रीळ असते. चित्रे टिपलेले, पण कधीच न धुतलेले. कोणाची चित्रे, कुठली, हे सांगायला घरात कोणी उरलेले नसते. ‘दुकानात देऊन धुऊन आणू,’ असे आपण सहज म्हणून जातो. परंतु खोक्यावर कोडाक्रोम हे नाव असेल, तर त्या रिळातले रंग बाहेर काढून देणारे दुकान आता जगात नाही. ही त्या रिळाची हकीकत आहे.

गंमत अशी, की कोडाक्रोमचे जनक दोन संगीतकार होते. लिओपोल्ड मॅनेस हा पियानो वाजवी आणि लिओपोल्ड गोडोवस्की हा व्हायोलिन. दोघे शाळासोबती. अंधारखोलीत घड्याळ दिसत नसे, तेव्हा ब्राम्सच्या सिंफनीतील सूर ठरावीक लयीत शिळेवर घोळवून ते वेळ मोजीत. कोडॅक कंपनीने त्यांना आपल्या प्रयोगशाळेत बोलावले आणि १९३५ साली सिनेमासाठी व १९३६ साली साध्या कॅमेऱ्यासाठी हे रीळ बाजारात आणले. दोघांच्या नावांच्या आरंभी ‘गॉड’ आणि ‘मॅन’ येतात. म्हणून हे रीळ देवाने आणि माणसाने मिळून घडविले, असा विनोदही रूढ झाला.

या रिळाची खुबी त्याच्या धुण्यात होती. इतर रंगीत रिळांत रंग तयार करणारी द्रव्ये आधीच घातलेली असतात. कोडाक्रोममध्ये मात्र रंग नव्हताच! एकावर एक असे तीन कृष्णधवल थर, प्रत्येक थर प्रकाशातील एकेक रंग टिपणारा. निळसर हिरवा, पिवळा आणि किरमिजी हे तीन रंग धुताना, एकामागून एक, त्या त्या थरात भरावे लागत. पाण्याचे तापमान किंचित बदलले, की सारे बिघडले. हे काम घरच्या मोरीत होण्यासारखे नव्हते. त्याला कारखाना आणि रसायनांचे जाणकार लागत.

पण कष्टांचे फळही तसेच होते. अंधारात ठेवलेली कोडाक्रोमची पारदर्शिका पिढ्यान्‌पिढ्या रंग सोडीत नाही. १९५३ साली एव्हरेस्टच्या माथ्यावर हिलरीने तेनसिंगचे जे छायाचित्र घेतले, ते याच रिळावर. १९८४ साली स्टीव्ह मॅकरी याने टिपलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी, तीही याच रिळावर.

पुढे डिजिटल कॅमेरे आले. रिळांचा खप घटला, तशी धुणारी केंद्रे एकेक करून बंद पडली. एके काळी जगभर अशी पंचवीसेक केंद्रे होती. अखेर अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, पार्सन्स नावाच्या सुमारे १०,५०० वस्तीच्या गावी, ‘ड्वेन्स फोटो’ हे एकच उरले. जून २००९ मध्ये कोडॅकने उत्पादन थांबविल्याचे जाहीर केले आणि रसायनेही संपत आली. रिळे स्वीकारण्याचा अखेरचा दिवस ठरला ३० डिसेंबर २०१०.

मग त्या आडगावी जणू जत्राच लोटली. पोस्टाने रिळांच्या थैल्या येऊ लागल्या. एक रेल्वे कामगार गाडी हाकीत आला. त्याची रिळे होती १,५८० आणि धुण्याचे बिल झाले १५,७९८ डॉलर. एक चित्रकर्ती केवळ तीन रिळे देण्यासाठी लंडनहून विमानाने आली. निर्मितीतील शेवटचे रीळ कोडॅकने मॅकरीला दिले होते. त्यातील ३६ चित्रांपैकी काही त्याने आपल्या मुंबईत अमिताभ बच्चन आणि आमिर खान यांची घेतली, काही राजस्थानातील रबारी लोकांची. शेवटचे चित्र घेतले ते पार्सन्सच्या स्मशानभूमीत. मग ते रीळ स्वतःच्या हातांनी त्याने दुकानात दिले. जानेवारी २०११ मध्ये यंत्र कायमचे थांबले.

चित्र टिपणारा आपल्याला ठाऊक असतो. धुणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. आणि त्याच्यावाचून चित्र अर्धेच राहते. ‘पुढच्या महिन्यात देऊ’ म्हणून कपाटात ठेवलेल्या किती रिळांतले लग्नाचे शालू आणि बारशाची झबली त्या दिवशी रंगांना मुकली असतील!

तेव्हा यंदा तसे खोके सापडलेच, तर फेकू नका. जाणकाराकडून ते कृष्णधवल धुऊन निदान चेहरे तरी मिळण्याची आशा असते. धुतलेल्या पारदर्शिका सापडल्या, तर त्या कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. मात्र त्याआधी, फराळाची ताटे उचलली, की एक संध्याकाळ आजीपुढे बसा आणि एकेक चित्र उजेडासमोर धरून तिला विचारा, ‘ही कोण गं?’