ट्रॅकवरून परतलेल्या मोटारीची सफाई : रबर आणि डांबराचे डाग कसे काढावेत?

मोटार वेगाने चालविण्याची हौस सार्वजनिक रस्त्यावर न भागवता खास बांधलेल्या ट्रॅकवर भागवावी, हे आता अनेक हौशी चालकांना पटले आहे. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅक आणि २०११ मध्ये सुरू झालेला ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटर लांबीचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ही देशातील प्रमुख ठिकाणे होत. पुण्या-मुंबईहून कोइमतूर किंवा चेन्नई गाठायचे, तर एका बाजूने हजार किलोमीटरहून अधिक प्रवास होतो. परतलेल्या मोटारीवर त्यामुळे दोन निरनिराळ्या गोष्टी चिकटलेल्या असतात. एक ट्रॅकवरचे रबर आणि दुसरे महामार्गावरचे डांबर. दोन्ही काळी, दोन्ही चिकट. पण दोहोंचा स्वभाव वेगळा आणि म्हणून उपायही वेगळा. हा फरक न ओळखता हाती येईल ते द्रावण घेऊन पत्रा घासत बसल्यास डाग जातो, पण त्याबरोबर रंगाची चकाकीही जाते.

डाग येतात कोठून?

वळणावर वेगाने जाताना टायरचा पृष्ठभाग चांगलाच तापतो आणि मऊ पडतो. त्याचे बारीक तुकडे सुटून ट्रॅकच्या कडेला साचतात. शर्यतीच्या परिभाषेत त्यांना ‘मार्बल्स’, म्हणजे गोट्या म्हणतात. मागून येणाऱ्या मोटारीचे गरम टायर हे तुकडे उचलतात आणि चाकांमागील पत्र्यावर, दाराखालील पट्टीवर व बंपरवर भिरकावतात. पुढे धावणाऱ्या मोटारीच्या चाकांतून उडालेले तुकडे समोरील बंपर, बॉनेट व काचेवर येऊन आदळतात. ट्रॅकच्या कडेला रचलेल्या टायरच्या भिंतीला मोटार घासली, तर तेथे काळा लांब पट्टा उमटतो, तो निराळाच प्रकार.

डांबराची गोष्ट वेगळी. रस्त्यासाठी आज वापरले जाणारे डांबर हे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरणारा जड अवशेष आहे. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘व्हीजी-३०’ प्रतीच्या डांबराचा मृदुबिंदू भारतीय मानकानुसार किमान ४७ अंश सेल्सिअस असावा लागतो. एप्रिल-मेच्या उन्हात रस्त्याचा पृष्ठभाग याहून अधिक तापू शकतो. त्यातच पावसाळ्यापूर्वी डांबरीकरणाची कामे उरकण्याची घाई असते. अशा ताज्या रस्त्यावरून गेलेल्या मोटारीच्या चाकांमागे काळे ठिपके हमखास आढळतात.

एक विरघळते, दुसरे फुगते

डांबर हे तेलाचेच भावंड असल्याने रॉकेल, व्हाइट स्पिरिट किंवा बाजारात मिळणारा ‘टार रिमूव्हर’ अशा तेलजन्य द्रावणात ते विरघळते. टायरच्या रबराचे तसे नाही. कच्च्या रबरात गंधक मिसळून ते तापविण्याची क्रिया चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधून काढली. या क्रियेने रबराचे लांब रेणू एकमेकांना कायमचे जखडले जातात. असे रबर द्रावणात विरघळत नाही. ते केवळ फुगते आणि त्याची पत्र्यावरील पकड सैल होते. म्हणूनच डांबर पुसून काढायचे असते, तर रबर भिजवून, थोडे थांबून उचलायचे असते. रबर विरघळेल या आशेने जोर लावून घासणे ही सर्वांत मोठी चूक होय.

घाई का नको?

आधुनिक मोटारीच्या रंगावर पारदर्शक लाखेचा अखेरचा थर असतो. त्याची जाडी साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी असते. उन्हापासून रंगाचे रक्षण करणारा हा थर एकदा घासला गेला, की परत येत नाही. रबराच्या तुकड्यांत वाळू व खडीचे कण रुतलेले असतात. कोरड्या फडक्याने ते घासणे म्हणजे पत्र्यावर पॉलिश पेपर फिरविण्यासारखेच.

ट्रॅकवरून आल्या आल्या मोटारीवर पाणी मारू नये. ब्रेकच्या तबकड्या त्या वेळी अतिशय तप्त असतात. अचानक थंड पाणी पडल्यास त्या वाकण्याचा वा त्यांना तडे जाण्याचा धोका असतो. तापलेल्या पत्र्यावर बोअरचे जड पाणी लगेच सुकते आणि पांढरे क्षारांचे डाग मागे ठेवते. मोटार सावलीत उभी करावी, पत्रा हाताला थंड लागेपर्यंत थांबावे आणि मगच काम सुरू करावे. मात्र डाग आठवडेच्या आठवडे तसेच राहू देऊ नयेत. उन्हाने ते अधिकाधिक घट्ट बसतात.

सफाईचा क्रम

१. प्रथम भरपूर पाण्याने धूळ व वाळू धुऊन काढावी. त्यानंतर मोटारीच्या शाम्पूने वरून खाली या क्रमाने धुवावे. दोन बादल्या घ्याव्यात. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत फडके खळबळण्यासाठी साधे पाणी. चाकांसाठी फडके व बादली स्वतंत्र असावी, कारण तेथे ब्रेकमधून झडलेले लोखंडाचे कण असतात.

२. पत्रा ओला असतानाच रबराचे सुटे तुकडे बोटांनी उचलावेत. नख, चाकू किंवा लोखंडी पट्टी वापरू नये.

३. निवडलेले द्रावण आधी दाराच्या आतील कडेसारख्या नजरेआडच्या जागी लावून पाहावे. फडक्याला रंग लागला, तर ते तेथेच थांबवावे.

४. मायक्रोफायबरच्या फडक्यावर द्रावण घेऊन डागावर हलकेच टेकवावे व मिनिटभर ठेवावे. मग एकाच दिशेने अलगद पुसावे. प्रत्येक वेळी फडक्याची स्वच्छ घडी वापरावी, अन्यथा विरघळलेले डांबर दुसरीकडे पसरते. एका वेळी वीतभर जागाच घ्यावी. रबर सैल झाले नाही, तर जोर न वाढवता हीच कृती पुन्हा करावी.

५. हे झाल्यावर मोटार पुन्हा शाम्पूने धुवावी. रॉकेलाचा तेलकट थर राहिल्यास त्यावर धूळ बसते.

६. हात फिरवून पत्रा खरखरीत लागत असेल, तर भरपूर ओलावा ठेवून ‘क्ले बार’ फिरवावा. तो जमिनीवर पडल्यास टाकून द्यावा; त्यात रुतलेला एक खडाही पत्र्यावर ओरखडे काढतो.

७. द्रावणाने जुने मेणही निघून जाते. म्हणून शेवटी मेणाचा नवा हात द्यावा. मॅट रंगाच्या मोटारीला मात्र पॉलिश किंवा चकाकीचे मेण लावू नये.

टायरच्या भिंतीच्या काळ्या पट्ट्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडत नसेल, तर तो बहुधा केवळ वर बसलेला रबराचा थर असतो आणि वरील कृतीने किंवा सौम्य पॉलिशने निघतो. नख अडत असेल, तर खाली ओरखडा आहे असे समजावे. तेथे रंगकाम जाणणाऱ्याचा सल्ला घेणे इष्ट.

काय टाळावे?

गॅरेजमध्ये पेट्रोलने डाग पुसण्याची जुनी चाल आहे. पेट्रोलची वाफ ठिणगीसरशी पेट घेते. त्यामुळे ते या कामासाठी वापरूच नये. थिनर आणि अ‍ॅसिटोन रंगकाम केलेल्या पत्र्यावरील थर मऊ करू शकतात. पॉलिकार्बोनेटच्या हेडलाइटवर तर त्यांनी बारीक तडे जाऊन काच कायमची धुरकट होते. नव्याने रंगविलेल्या भागावर काही आठवडे कोणतेही द्रावण लावू नये. दारांच्या रबरी पट्ट्यांवर रॉकेल राहिल्यास त्या फुगतात. काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून व विस्तवापासून दूर करावे. वापरलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती उघड्यावर पसरून वाळू द्यावीत. उरलेले द्रावण गटारात ओतू नये.

सफाई म्हणजे तपासणीही

ही सारी खटपट केवळ दिखाव्यासाठी नसते. चाकाच्या आतील बाजूस रबराचा गोळा चिकटला, तर चाकाचा तोल बिघडतो आणि महामार्गावर स्टिअरिंग थरथरू लागते. धुताना चाकामागे ओलसर, तेलकट ओघळ दिसला, तर तो ब्रेक ऑइलच्या गळतीचा असू शकतो. हे द्रव रंग खाते आणि त्याहून गंभीर म्हणजे ब्रेक निकामी होण्याची ती पूर्वसूचना ठरते. टायरच्या बाजूवरील फुगवटा किंवा चीरही अशा वेळीच नजरेस पडते. त्यामुळे चाके, टायर आणि ब्रेक यांची ही पाहणी घरी पोहोचेपर्यंत लांबवू नये. परतीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी ट्रॅकवरच, मोटार थंड झाल्यावर ती करावी आणि चाकांचे नटही तपासून घ्यावेत.

पुढच्या वेळी श्रम वाचवायचे असतील, तर ट्रॅकवर जाण्याआधी पत्र्याला मेणाचा हात द्यावा आणि चाकांमागील भागावर रंगकामाची कागदी चिकटपट्टी लावावी. उन्हात ती फार काळ राहू देऊ नये. दिवस संपताच सावकाश सोलून काढावी. पत्र्यावर पारदर्शक संरक्षक फिल्म बसविणे हा अधिक टिकाऊ, पण खर्चिक उपाय होय.