पुरंदरची प्रतीक्षा

३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा वध झाला, तेव्हा गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी त्यांस पुढे पुरंदरावर नेले. १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवराव जन्मले. मधले दिवस २३१. प्रसूती पुऱ्या दिवसांची धरिली, तर वधाच्या वेळी गर्भधारणेस जेमतेम पाच आठवडे झाले असावेत. एवढ्या अल्पावधीच्या गर्भाची खात्री त्या काळी कोण देणार?

१९२८ च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम व त्सोंडेक यांनी गर्भवतीचे मूत्र उंदराच्या माद्यांस टोचून ती खात्री करून दाखविली. आज कोल्हापुरातील कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणारी पट्टी मूत्रातील एचसीजी हे गर्भसूचक द्रव्य ओळखते. पाळी चुकल्यावर, सकाळच्या पहिल्या मूत्राने परीक्षा करावी व सांगितलेल्या वेळीच रेघा पाहाव्या. दोन रेघा म्हणजे गर्भ. नियंत्रणाची रेघच न उमटल्यास पट्टी निरुपयोगी. नकार येऊनही पाळी न आल्यास आठवड्याने पुन्हा पाहावे, आणि होकार वैद्यांकडून पडताळून घ्यावा.

पुत्र की कन्या, हे बारभाईंचे कोडे मात्र पट्टी सोडवीत नाही. परंतु जी वार्ता पूर्वी दरबाराचा विषय होई, ती आता प्रथम त्या स्त्रीसच कळू शकते. आम्हांस हेच मोठे स्थित्यंतर वाटते.