उल्वाचे जीवनचक्र

उल्वा ही हरित शैवलांची एक प्रजाती आहे. कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये तिचे वर्णन केले. कोकणासह जगातील अनेक किनाऱ्यांवर ती खडकांना चिकटून वाढते. तिचे पानासारखे कायक अवघे दोन पेशी जाडीचे असते. नळीसारख्या कायकाच्या काही जाती पूर्वी एंटेरोमॉर्फा या वेगळ्या प्रजातीत गणल्या जात.

पिढ्यांचे एकांतरण

उल्वाच्या जीवनचक्रात एकगुणित गंतुकधारी आणि द्विगुणित बीजुकधारी या पिढ्या आलटून पालटून येतात. दोन्ही दिसायला सारख्याच असल्याने नुसते कायक पाहून त्याची पिढी ओळखता येत नाही. त्यासाठी बाहेर पडणाऱ्या चल पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात: न्यूनीकरण विभाजनाने बनलेल्या बीजुकांना चार, तर गंतुकांना दोन कशाभिका असतात.

गंतुके प्रकाशाकडे पोहत जाऊन पृष्ठभागाजवळ जमतात, त्यामुळे विरुद्ध प्रकारच्या गंतुकांची भेट सुलभ होते. संयोगानंतर मात्र रंदुक प्रकाशापासून दूर, तळाकडे वळते आणि तेथे चिकटून बीजुकधारी बनते. जोडीदार न मिळालेले गंतुकही अनेकदा अनिषेकजननाने वाढते. काही समुदायांत तर लैंगिक अवस्था आढळतच नाही. त्यांच्या संख्येचा हिशेब केवळ पाठ्यपुस्तकी चक्रावरून मांडता येत नाही.

प्रजननाची सुरुवात

उल्वाला स्वतंत्र प्रजननेंद्रिय नसते. कडेच्या साध्या पेशींचेच रूपांतर होते व त्या रिकाम्या झाल्यावर कड पांढरी पडून झडते. प्रयोगशाळेत सर्वाधिक अभ्यासलेल्या उल्वा म्युटाबिलिस या जातीत कायकच हे रूपांतर रोखणारी द्रव्ये तयार करते. कायकाचे बारीक तुकडे करून ते धुतले की ही द्रव्ये निघून जातात आणि तिसऱ्या दिवशी गंतुके बाहेर पडू शकतात. याच जातीला योग्य आकार येण्यासाठी विशिष्ट जीवाणूंची साथ लागते; ती नसल्यास पेशींचा केवळ बेढब पुंजका तयार होतो.

हरित भरती

नायट्रोजनयुक्त पोषकद्रव्ये भरपूर असलेल्या पाण्यात ही प्रजननक्षमता उपद्रवी ठरते. २००८ मध्ये ऑलिंपिकच्या शिडाच्या नौकांच्या स्पर्धांपूर्वी चीनमधील चिंगदाओजवळ उल्वा प्रोलिफेराचा प्रचंड थर पसरला. तो हटवताना १० लाख टनांहून अधिक शैवाल काढावे लागले. तरंगते तुकडे कायिक वाढीनेही पसरत असल्याने एखादा समुदाय आवरण्यासाठी केवळ बीजुकांवर लक्ष ठेवणे पुरेसे नसते. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर साचून कुजणाऱ्या उल्वाच्या ढिगांतून विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर पडतो.