पडीक जागेतले बटाटे



‘गरजवंताला अक्कल नसते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. अडला माणूस भलत्याच गोष्टी कबूल करतो, हे खरंच. पण अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराची ही हकीकत ऐकलीत, म्हणजे ती म्हण सगळीकडे लागू पडत नाही, असं तुम्हीही म्हणाल.

साल १८९३. अमेरिकेत रेल्वे कंपन्यांनी कर्ज काढकाढून रूळ टाकले होते. त्यांतल्या कित्येक बुडाल्या आणि त्यांच्यामागे बँकाही बसल्या. डेट्रॉइट हे तेव्हा रेल्वेचे डबे आणि लोखंडी शेगड्या घडवणारं गाव. कारखाने थंडावले, हजारो मजूर घरी बसले. त्यांत पोलंड आणि जर्मनीहून पोट भरायला आलेले पुष्कळ होते. शहराची धर्मादाय तिजोरी आटत चालली, आणि दाराशी रांग वाढत चालली.

शहराचे नगराध्यक्ष होते हेझन पिंग्री. हा माणूस चांभारकाम करीत करीत जोड्यांच्या कारखान्याचा मालक झालेला. त्यांच्या मनात एक साधा विचार आला. शहराच्या कडेला कितीतरी जमीन मोकळी पडली आहे. मालक भाव चढण्याची वाट बघताहेत. तोवर ती या बेकार मंडळींना कसायला दिली तर काय बिघडलं? जमीन उसनी, बियाणं समितीचं, नांगरणी समितीची. पुढची मेहनत ज्याची त्याची आणि पीकही त्याचंच.

लोक हसले. वर्तमानपत्रांनी टिंगल केली. ‘हे लोक आळशी, ते काय शेती करणार?’ असं शहाणेसुरते म्हणू लागले. चर्चमधून मदतीचं आवाहन झालं, पण जमली ती रक्कम अगदीच थोडी. तेव्हा पिंग्रींनी आपला आवडता घोडा लिलावात काढला आणि ते पैसे कामाला लावले.

१८९४ च्या उन्हाळ्यात काम सुरू झालं. सुमारे ४३० एकर जमीन मिळाली आणि ती ९४५ कुटुंबांत वाटली गेली. म्हणजे घरटी अठरा गुंठ्यांच्या आसपास. अर्ज याहून कितीतरी जास्त आले होते. पण पैसा पुरला नाही, म्हणून बाकीच्यांना परत जावं लागलं. पेरणीला उशीर झाला होता. तरी बटाटा आला, घेवडा आला, सलगम आला. झालेल्या खर्चाच्या कितीतरी पट किमतीचा माल निघाला. आळशी म्हणून ज्यांची हेटाळणी झाली, त्यांच्या घरी हिवाळ्याची बेगमी झाली. पुढच्या दोन वर्षांत कुटुंबांची संख्या वाढत गेली, आणि न्यूयॉर्क, बफेलो, फिलाडेल्फिया अशा शहरांनी हाच कित्ता गिरवला.

आता तुम्ही विचाराल, मग पुढं काय झालं? पुढं दिवस पालटले. कारखाने सुरू झाले, जमिनीचे भाव चढले आणि मालकांनी जमिनी परत घेतल्या. त्यात त्यांचा अन्याय नव्हता. करारच तसा होता. पण दोनतीन वर्षं खतपाणी घालून ज्यांनी ती माती कसदार केली, त्यांच्या हाती काय राहिलं? शेतकरी श्रोत्यांना हा सवाल समजावून सांगायला नको. दुसऱ्याच्या रानात कोणी विहीर खणत नाही.

योगायोग असा, की त्याच डेट्रॉइटमध्ये हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९५० साली शहराची वस्ती साडेअठरा लाखांच्या घरात होती. २०१० मध्ये ती सव्वासात लाखांच्याही आत आली. मोटारींचे कारखाने गेले, घरं पडली, आळीच्या आळी ओस झाल्या. त्या मोकळ्या जागांत शेजारीपाजारी एकत्र येऊन भाजी पिकवू लागले. या वेळी मात्र एक पाऊल पुढं पडलं. २०१३ मध्ये शहरानं शेतीला आपल्या नियमांत रीतसर जागा दिली.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावंसं वाटतं. हा धडा वर्गात सांगताना मुलांना घोड्याची गोष्ट जरूर सांगा. ती त्यांच्या लक्षात राहील. पण मग एवढंही विचारा, की गावाची किंवा आळीची मोकळी जागा दहा घरांनी मिळून कसायची ठरवली, तर पहिल्या दिवशी काय ठरवून घ्यावं? बियाणं कोणाचं, पाणी कोणाचं, वाटणी कशी, आणि जमीन किती वर्षांसाठी? पिंग्रींच्या मंडळींनी पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं कष्टानं शोधली. चौथ्याचं उत्तर त्यांच्या हातात नव्हतं.