ग्लिसरीनची बाटली

आगरदांड्याच्या आमच्या घरी फडताळात ग्लिसरीनची छोटी बाटली कायम असायची. तोंड आले की आई बोटाने लावायची. गोड लागायचे, म्हणून आम्ही मुले कुरकुर करत नसू. १९८६ च्या सुरुवातीला अब्बांच्या ट्रान्झिस्टरवर बातमी आली, की मुंबईत जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले रोगी दगावत आहेत. त्याच संध्याकाळी आईने ती बाटली खाडीत रिकामी केली. मी तेव्हा शाळेत होतो.

जे. जे. म्हणजे आमच्या किनाऱ्याचा शेवटचा आधार. ‘जे. जे.ला न्या’ म्हटले, की घरच्यांना धीर यायचा. १८४५ पासूनच्या त्या रुग्णालयात १४ जण गेले. मेंदूतला, डोळ्यांतला दाब उतरावा म्हणून तोंडाने दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. हे कारखान्यातले रसायन. तेही रंगहीन, दाट आणि गोड. पोटात गेले की मूत्रपिंडे निकामी करते. प्रयोगशाळेत ते ओळखता येते, नुसत्या डोळ्यांना नाही.

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध प्रशासनापासून थेट मंत्र्यांपर्यंत ठपका ठेवला. माल आला, तो पारखायला हवा होता आणि पारखला गेला नाही.

हे काही पहिल्यांदा घडले नव्हते. अमेरिकेत १९३७ साली याच रसायनात विरघळवलेल्या सल्फा औषधाने शंभराहून अधिक बळी घेतले आणि पुढच्याच वर्षी तिथे कडक कायदा झाला. आपला औषध कायदा १९४० चा. म्हणजे जे. जे.मध्ये विष पोचले, तेव्हा कायद्याचे वय ४६ वर्षे होते. आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुले गेली. त्यांतल्या अनेकांवर आपल्या नागपुरात उपचार झाले. रसायन तेच.

आईने बाटली ओतून टाकली, कारण तिच्या हाती तेवढेच होते. आपल्या हाती थोडे अधिक आहे. दोन वर्षांखालील मुलाला खोकल्या-सर्दीचे औषध देऊ नये. पाचाच्या आत तर सहसा नकोच. औषधानंतर मुलाची लघवी कमी झाली, तर बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे. पण पिंपात काय आहे, हे आईबापांनी कसे ओळखावे? ते काम ज्यांचे आहे, त्यांना दर वेळी मुले गेल्यावरच का जाग यावी, हे मात्र आपण विचारत राहिले पाहिजे.